फेरीतला तिचा भाग

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आयुष्यभर पाण्याच्या पंपावर होते. "तुमचे हे काय करतात?" असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, "गावाला पाणी पाजतात." आणि भाऊजी ऐकण्याच्या अंतरावर असले तर आवाज चढवून, "घरात मात्र पेला मीच उचलून हातात द्यायचा!" भाऊजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. त्यांनी ऐकलं की नाही, हेच मुळात कळत नसे.

त्यांचं ते पंपघर आता बागेत आहे. बाग म्हणायची ती लोकांची सवय म्हणून. ना फुलांचे वाफे, ना कारंजं. एका बाजूला बसडेपोची भिंत, दुसऱ्या बाजूला इस्पितळाची पाठ, आणि मध्ये झाडांचा एवढासा पुंजका, जणू कुणाच्या हातून हिरवा रंग सांडला आणि पुसायचा राहून गेला. इस्पितळात कुणाला भेटायला आलेली माणसं तिथल्या बाकावर बसून डबा खातात. बसचे चालक सावलीत पाय पसरतात. दर रविवारी सकाळी मात्र तिथे फेरी असे. दहाबारा जण जमत, कधी वीसही, आणि भाऊजी आणि ताई त्यांना बाग दाखवत.

पहिला अर्धा भाग भाऊजींचा. तो मला पाठ आहे, कारण तो कधी बदललाच नाही. पूर्वी सगळ्या शहराचं पाणी इथून जाई. नदीचं गढूळ पाणी आधी गाळाच्या टाकीत येऊन उभं राही, गाळ खाली बसला की वाळूच्या गाळणीतून झिरपे, आणि मग पंप ते उंचावरच्या टाकीत चढवत. पहिल्या इंजिनियरसाहेबांच्या डोक्यात आलं, की टाक्यांवर सावली असली तर पाण्यात शेवाळ धरणार नाही. त्यांनी चारी बाजूंनी झाडं लावली. शेवाळ कमी झालं की नाही देव जाणे, पण झाडं मोठी झाली आणि टाक्यांत पानं पडायला लागली. मग पानं काढायला एक माणूस ठेवावा लागला. "तो माणूस मी," असं भाऊजी छातीवर हात ठेवून सांगत. लांब दांड्याची जाळी घेऊन त्यांनी तिथे नोकरीला सुरुवात केली, आणि पुढे पंपावर गेले. "झाडं लावणाऱ्या साहेबाला मी रोज शिव्या घालत असे. आता ह्याच झाडांना रोज पाणी घालतो." इथे लोक हसत. भाऊजी हसणं संपेपर्यंत थांबत आणि पुढे चालू लागत.

पंप सोडून जाता येत नसे, म्हणून ताई त्यांचा डबा घेऊन जाई. जेवण होईपर्यंत पायरीवर बसून राही. आत पंपाचा एवढा घरघराट, की बोलायची सोय नाही. नवरा समोर असून बोलता येत नाही, मग बाईने बघायचं कुठे? ती वर बघायला लागली. कुठला पक्षी कुठल्या फांदीवर बसतो, कोण कुणाशी भांडतो, खारीने घरटं बांधायला कुठल्या दोरीचा धागा पळवला, हे सगळं तिला रिकाम्या डब्याची वाट बघताना कळलं. पुस्तकं नंतर आली.

पुढे टेकडीवर नवं जलकेंद्र झालं. इथले पंप बंद झाले, फाटकाला कुलूप लागलं आणि त्या कुलपावर गंज चढला. पानं काढायला कुणी उरलं नाही. टाक्यांत पानं कुजली, कुजलेल्या पानांत बेडूक झाले, बेडकांमागे साप आणि बगळे आले. गाळणीच्या भिंतीच्या फटीतून रानअंजीर उगवलं आणि भिंतीपेक्षा मोठं झालं. पंपघराच्या छताला वटवाघळं लटकली. ज्या दिवशी हे सगळं बाग म्हणून लोकांना खुलं केलं, त्या दिवशी जुना माणूस म्हणून भाऊजींना बोलायला बोलावलं होतं. ते पाण्याच्या दाबावर बोलत राहिले. नळाच्या व्यासावर आले तेव्हा लोक जांभया द्यायला लागले. मागून ताईचा आवाज आला, "अहो, पुरे झाले तुमचे नळ! सगळ्यांनी वर बघा." वर, पंपघराच्या झरोक्यात, घुबड बसलं होतं. तेव्हापासून फेरीचा दुसरा अर्धा भाग ताईचा.

पंपघराबाहेर पाणी सोडण्या-अडवण्याचं एक मोठं लोखंडी चाक आहे. तिथे आलं की भाऊजी म्हणत, "पंप बंद. आता हिचं." आणि पाण्याची बाटली, घडीचं स्टूल घेऊन रांगेच्या शेवटी जात. तिथून पुढे ताई.

ताई गेली ती छातीच्या दुखण्याने. लवकर कळलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर बहुतेकांना तसं म्हणत असतील.

मी भाऊजींकडे राहायला गेले. माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या शहरातून आली होती. भाऊजी रडले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना बसायला खुर्ची देत, पंखा लावत, पंख्याच्या आवाजात काही वावगं वाटलं तर बंद करून पुन्हा लावत. समोर ठेवलं ते जेवत. एकदा मी भाजीत मीठच घातलं नाही. भाऊजी जेवले, मीही जेवले. सगळ्यात शेवटी भाची बसली आणि पहिल्याच घासाला थांबली. "मावशी, ह्यात मीठ नाहीये." आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग मी उठून मिठाची बरणी आणली. तोवर भाऊजी ताट धुवायला गेले होते.

भाचीचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, तुम्ही आता माझ्याकडे चला. इथे एकटे काय करणार?"

"रविवारी फेरी असते."

"अहो, आईशिवाय कसली फेरी?"

भाऊजींनी उठून पंखा बंद करून पुन्हा लावला. पण दुसऱ्या दिवशी बागेच्या व्यवस्थापकबाई घरी आल्या तेव्हा हेच बोलणं निघालं. बाई चांगल्या. ताईच्या हाताखाली पक्षी ओळखायला शिकलेल्या, त्यामुळे बोलताना त्यांचा गळा सारखा भरून येत होता आणि आम्हीच त्यांना पाणी देत होतो. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्यावर अजिबात जबरदस्ती नाही. आम्ही झाडाझाडांपाशी माहितीचे फलक लावू. लोक वाचतील. फेरी थांबवली तरी चालेल."

भाऊजी म्हणाले, "येत्या रविवारी करतो. दोन्ही भाग. जमलं तर पुढे चालू ठेवू. नाही जमलं तर लावा फलक." मग भाचीकडे वळून, "नाही जमलं तर येतो तुझ्याकडे."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिने घरात बाबांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती, हे मला माहीत होतं. भाऊजी त्या खोलीत जाऊन बसले तर पुन्हा उठणार नाहीत, हेही माहीत होतं. बहुधा तिलाही माहीत होतं.

संध्याकाळी मी भांडी लावत होते तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरात आले.

"तू आली होतीस ना फेरीला?"

"दोनचारदा. का हो?"

"ती काय बोलायची?"

मला वाटलं, मन मोकळं करायचंय. मी हातातला डबा खाली ठेवला. "कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल. चाकापासून पुढे ती काय सांगायची, ते मला सांग. मी पाठ करतो."

"भाऊजी! तुम्ही दर रविवारी तिच्या मागून चालत होतात. मी काय सांगणार तुम्हाला?"

"चालत होतो. आवाज येत होता."

"म्हणजे?"

"आवाज येत होता," ते पुन्हा म्हणाले. "शब्द नाही."

ताई नेहमी म्हणायची, "ह्यांच्या कानात बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि म्हणे पाणीखात्यात!" ती थट्टा होती असं आम्ही समजत होतो. भाऊजींनी मला नीट समजावून सांगितलं. पंपावरच्या माणसाने पंप ऐकत बसायचं नसतं. दिवसभर ऐकला तर वेड लागेल. त्याने पेपर वाचावा, वाटलं तर डोळे मिटावेत. पंप ठीक चालू असला की तो ऐकूच येत नाही. आवाज बदलला की मात्र झोपेतूनही उठायला होतं. "नवा माणूस यायचा, कान लावून बसायचा. त्याला काही कळायचं नाही. न ऐकण्याची सवय लागल्यावर तो तयार झाला म्हणायचं."

मला ते पटकन समजलं. गॅसवर दूध ठेवून आपण फोनवर बोलत असतो. दूध काही ऐकू येत नाही. पण वर यायच्या आधी त्याचा आवाज बदलतो आणि पाय आपोआप ओट्याकडे वळतात. जिने आयुष्य ओट्यापाशी काढलंय तिला हे वेगळं सांगायला नको. पण दुधाचं ठीक आहे.

"तिचंही तसंच?" मी विचारलं.

"तिचा आवाज तिथे चालू असायचा," भाऊजी म्हणाले.

मला आठवलं तेवढं मी सांगितलं. सुतार पक्षी खोडावर चोच का आपटतो, वटवाघळं उलटी का लटकतात, कासव ऊन का खातं. भाऊजी ओट्याला टेकून शाळेतल्या मुलासारखं म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सुतार पक्ष्याचं कासवाला जोडलेलं. भाची दारात उभी होती. "बाबा, राहू दे ना," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला घेतलं.

रविवारी बरीच माणसं आली होती. ताई गेल्याचं समजल्यामुळे काहीजण मुद्दाम आले असावेत. नेहमीचे टोपीवाले आजोबा पुढेच होते. हे गृहस्थ निवृत्त कंडक्टर. गर्दीत सूचना दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी आत चला!" तिथे आत असं काही नव्हतं, तरी लोक सरकत.

भाऊजींचा भाग नेहमीसारखा झाला. जाळी, पानं, साहेबाला घातलेल्या शिव्या. लोक हसायच्या ठिकाणी हसले आणि मग आपण हसलो म्हणून चपापले. चाकापाशी आलो. भाऊजींनी चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "पंप बंद. आता हिचं."

आणि ते चालत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बाटली, स्टूल काखेत.

पुढे बोलायला आता कुणी नाही, हे भाऊजींना स्वतःला कळायलाच वेळ लागला. भाची पुढे व्हायला लागली, मी तिचा हात धरला. मी का धरला हे मला सांगता येणार नाही, माझ्या अंगात तेवढीच हालचाल शिल्लक होती.

टोपीवाले मागे वळले. "चला हो, मास्तर," ते म्हणाले, पण हळू. "गाडी पुढे घ्या."

भाऊजी पुढे आले. स्टूल त्यांनी माझ्याकडे दिलं. पहिला थांबा वठलेल्या झाडाचा, सुतार पक्ष्याची भोकं असलेल्या. भाऊजींनी सुरुवात केली, "सुतार पक्षी... खोडावर चोच आपटतो, कारण..." आणि थांबले. पुढचं येईना. ते झाडाकडे बघत राहिले.

"इथे ती एकदा हसली होती," ते म्हणाले.

लोकांनी झाडाकडे माना वळवल्या.

"एका बाईंनी विचारलं, एवढं डोकं आपटून ह्याचं डोकं दुखत नाही का? ही म्हणाली, दुखत असेल, पण घरी सांगायची सोय नसेल. आणि मग स्वतःच हसत सुटली. पुढचं बोलणं राहूनच गेलं. खाली बसली हसता हसता. मी पाणी घेऊन आलो. मला वाटलं काय झालं."

कुणीतरी हसलं. भाऊजी पुढे निघाले, जणू हा भागही त्यांनी पूर्वी कितीदा केला होता.

गाळाच्या टाकीपाशी कासव एका लोखंडी झाकणावर ऊन खातं. भाऊजी म्हणाले, "इथे एका रविवारी ती गप्प झाली. वाक्य अर्ध्यावर सोडलं. झाकणावर कासव नव्हतं. त्या दिवशी पुढे सगळीकडे तिचा आवाज खालीच होता. घरी आल्यावरही. पुढच्या रविवारी कासव झाकणावर होतं. तर त्याच्याबद्दल चकार शब्द बोलली नाही! बेडकांवर बोलली. राग आला असणार." त्यांनी झाकणाकडे बोट दाखवलं. कासव होतं. टोपीवाल्यांनी टोपी काढून परत घातली.

पंपघरात अंधार, ओल आणि वटवाघळांचा वास. तिथे ताई नेहमी कुजबुजून बोले. भाऊजीही हळूच म्हणाले, "इथे ती एकदाच ओरडली. एकाने वर दगड मारला होता. ती म्हणाली, पुन्हा मारलास तर तुलाच उलटा टांगीन. वटवाघळं सगळी उडाली, तिच्याच आवाजाने. मग तिने त्यांची माफी मागितली. त्यांची, त्या माणसाची नाही."

मी भाचीकडे पाहिलं. ती ऐकत होती. ह्यातलं तिला काहीच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ताईचं नेहमीचं बोलणं आम्हा सगळ्यांना थोडंथोडं येत होतं. भाऊजींकडे बाकीचं होतं. जिथे जिथे तिचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा झाला, तिथे तिथे त्यांनी मान वर केली होती आणि तेवढं सगळं त्यांच्याजवळ शाबूत होतं.

शेवटचा थांबा रानअंजिराचा. भिंत फोडून आलेलं झाड, मुळं विटांवर पसरलेली. पाखरांचा कलकलाट एवढा की तिथे ताईला मोठ्याने बोलावं लागे. भाऊजी वळून मागच्या बाकाकडे बघत उभे राहिले. लोकांना वाटलं असेल, आठवत नाहीये.

"इथे तिचा आवाज बदलला," ते म्हणाले.

"हसल्या?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"नाही. वाक्य रोजचंच होतं. मध्ये श्वास घेतला. तिथे कधी घेत नसे." आवाज सपाट, पंपाच्या दाबाबद्दल बोलताना असतो तसा. "मी मागे होतो, तिथे, त्या बाकापाशी. मला कळलं. पंपाचं बेअरिंग जायला लागलं की सगळ्यात आधी आवाज बदलतो. बाकी सगळं नंतर."

"मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"पुढे येऊन पाणी दिलं तिला."

"आणि?"

"पाणी दिलं," भाऊजी म्हणाले. "बरं वाटतंय म्हणाली."

पाखरं वर ओरडत होती. पिकलेलं एक फळ विटांवर पडलं. भाचीने माझा हात घट्ट धरला होता आणि मला तो दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा वाटत होता. डॉक्टर जे म्हणाले होते ते आम्हा तिघांनाही ऐकू आलेलं होतं. त्यावर आमच्यापैकी कुणी कधी बोललं नव्हतं.

"फेरी संपली," भाऊजी म्हणाले. "फाटक डाव्या बाजूला आहे."

लोक लगेच गेले नाहीत. टोपीवाल्यांनी सवयीने हात वर केला, पण कुणाला सरकायला सांगितलं नाही. भाऊजींच्या खांद्याला हात लावून ते निघाले, मग बाकीचे. व्यवस्थापकबाई उरल्या.

"काका, पुढच्या रविवारी?"

"येतो."

"हेच सांगाल?"

"नाही. हे परत नाही सांगणार. दर रविवारी सांगितलं तर मला ते ऐकू येईनासं होईल."

"मग दुसऱ्या भागात काय?"

भाऊजींनी झाडाकडे पाहिलं. "ह्या रविवारच्या आणि त्या रविवारच्या मध्ये इथे काय बदलतं ते सांगेन. तेवढं मला कळतं. पक्ष्यांची नावं तुम्ही फलकावर लिहा."

बाईंनी मान हलवली. भाऊजी माझ्याकडून स्टूल घेऊन पंपघराचं दार लावायला गेले. ते दार आता जोराने ओढावं लागतं, बिजागरी करकरते. करकरल्यावर ते थांबले, दार पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि बिजागरीजवळ कान नेऊन उभे राहिले.

भाची बाकावर बसून नवऱ्याला फोन करत होती. "नाही, बाबा नाही येत," ती सांगत होती. "हो, जमलं त्यांना... हो. त्या खोलीत कपाट ठेवू आपण परत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने पंपघराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "रडले नाहीत. कुणीच नाही रडलं."